मोटारीचा विरह : विप्रलंभ की करुण?

जुन्या मोटारीच्या आठवणी हा आता वाङ्मयाचा एक स्वतंत्र प्रकार मानावा लागेल, इतके त्याचे पीक आले आहे. दिवाळी अंक उघडावा, रविवारची पुरवणी चाळावी, कोठे ना कोठे कोणाच्या तरी वडिलांची मोटार उभी असते. या लेखनाचा साचाही ठरून गेला आहे. प्रथम मोटारीचे आगमन. मग तिचा रंग, आसनांचा वास, घाटात तापलेले इंजिन आणि लोट्याने ओतलेले पाणी. आणि अखेरीस बहिणीचे लग्न, घराचे बांधकाम किंवा वडिलांची बदली यांपैकी एखाद्या निमित्ताने तिचा वियोग. लेखक शेवटी लिहितो, ‘गाडी गेली.’ हे क्रियापद आपण माणूस वारल्यावरही योजतो, त्यामुळे वाचकाचा कंठ दाटून येतो. परंतु गाडी गेलेली नसते. ती विकलेली असते. विकणारा कर्ता वाक्यातून अलगद निसटला आहे, आणि माझ्या मते या प्रकारातील बहुतेक लेखनाचे दौर्बल्य याच व्याकरणात आहे.

आपल्या साहित्यशास्त्रकारांनी विप्रलंभ आणि करुण यांत जो भेद केला आहे तो येथे उपयोगी पडेल. दोहोंतही विरह आहे, अश्रू आहेत. पण विप्रलंभाचा स्थायी भाव रती. त्यात पुनर्भेटीची आशा शिल्लक असते. मेघदूतातील यक्षाच्या शापाला एका वर्षाची मुदत आहे, म्हणूनच तो मेघाला रस्ता इतक्या सावकाशपणे सांगू शकतो. करुणाचा स्थायी भाव शोक. तेथे आशा संपलेली असते. मोटारीच्या आठवणी करुणाचा आव आणतात. वस्तुतः त्यांतील बहुसंख्य विप्रलंभाच्या असतात. ‘ती माझी गाडी आज कोठे असेल?’ या प्रश्नात ती कोठेतरी आहे, हे गृहीत असते. काही भाग्यवंत तर चासिसच्या क्रमांकावरून तिचा माग काढतात आणि पाचपट दाम मोजून ती परत आणतात.

1953 चा ‘जेनेव्हिव्ह’ हा इंग्रजी बोलपट या विप्रलंभाचा सर्वांत हसरा नमुना होय. लंडनहून ब्रायटनपर्यंत जुन्या मोटारींची जी यात्रा दरवर्षी निघते, तिच्यावर तो बेतलेला आहे. 1896 साली इंग्लंडात मोटारींची वेगमर्यादा ताशी 4 मैलांवरून 14 मैलांवर गेली, त्या आनंदात पहिली यात्रा निघाली. तिच्या स्मरणार्थ 1927 पासून ही प्रथा पडली, आणि 1905 पूर्वी बनलेल्या गाड्यांनाच तीत प्रवेश असतो. चित्रपटातील जेनेव्हिव्ह ही 1904 ची दराक. परतीच्या वाटेवर दोघा मित्रांत शंभर पौंडांची पैज लागते : वेस्टमिन्स्टरचा पूल प्रथम कोण ओलांडतो? पैज ऐन रंगात आली असता एक वृद्ध गृहस्थ गाडीपाशी येऊन उभा राहतो. त्याच्या तारुण्यात त्याच्याकडे अशीच दराक होती. पत्नीशी त्याचे प्रेम जुळले ते त्याच दिवसांत. आणि नायक, पैज हातची जाईल हे ठाऊक असूनही, त्याच्यासाठी थांबतो. सबंध बोलपट विनोदाचा. हा एक प्रसंग मात्र मनात रुतून बसतो, कारण दुसऱ्याची आठवण आपल्या गाडीत बसवून घेण्याचे औदार्य या वाङ्मयात फार दुर्मीळ आहे. आपल्या आठवणी बहुधा आपल्याच गाडीच्या असतात, आणि तीत परक्याला जागा नसते.

ज्या दराकने ही भूमिका केली ती आज हॉलंडमध्ये हेगच्या लाउमन संग्रहालयात उभी आहे. त्याच छपराखाली आपल्या देशातून गेलेली एक गाडी आहे : कलकत्त्यात राहणाऱ्या मॅथ्यूसन नावाच्या इंग्रजाने 1910 साली बनवून घेतलेली हंसाच्या आकाराची ब्रुक मोटार. पुढे ती नाभा संस्थानच्या महाराजांकडे गेली. ‘आपला हंस परदेशी उडाला’ अशी हळहळ मी ऐकली आहे. ती मला तितकीशी उमजत नाही. या हंसाच्या चोचीतून वाफेचा फवारा सोडून रस्त्यातील माणसे पांगवीत असत. अखेर पोलिसांना हरकत घ्यावी लागली. ज्यांच्या अंगावर ती वाफ आली त्यांच्या नातवंडांनी या हंसासाठी अश्रू का ढाळावेत?

मुंबईच्या फियाटची गोष्ट आपल्या अधिक जवळची आहे. वालचंद हिराचंदांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या फियाटला 1974 मध्ये पद्मिनी असे नाव मिळाले, पण लोकांच्या तोंडी फियाटच राहिली. 1089 घनसेंटिमीटरचे इंजिन, सुकाणूच्या दांड्याला जोडलेला गिअर, आणि त्यामुळे पुढच्या सलग बाकावर तिसऱ्या माणसाची सोय. अखेरची पद्मिनी टॅक्सी मुंबईत 29 ऑक्टोबर 2003 रोजी नोंदली गेली. टॅक्सीच्या आयुष्याला वीस वर्षांची मर्यादा असल्याने 30 ऑक्टोबर 2023 पासून ही काळी-पिवळी गाडी रस्त्यावरून नाहीशी झाली. त्या आठवड्यात वृत्तपत्रांत जे मृत्युलेख आले त्यांतले मी बरेच वाचले. जवळजवळ सगळे मागल्या आसनावरून लिहिलेले होते! पावसातली काच, मीटरची खटखट, प्रेयसीसह मरीन ड्राइव्ह. पुढे बसलेल्या माणसाच्या पाठीपलीकडे लेखकाची दृष्टी जात नव्हती. दिवसभर तो जड गिअर ओढून ज्याचा डावा खांदा आखडला, त्याला ती गाडी कशी वाटत होती?

या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वी एका बंगाली चित्रपटाने देऊन ठेवले आहे. सुबोध घोष यांच्या कथेवरून ऋत्विक घटक यांनी 1958 साली ‘अजांत्रिक’ काढला. रांचीकडच्या मुलखात बिमल नावाचा एकटा माणूस 1920 ची मोडकी शेवरोले टॅक्सी म्हणून चालवतो. तिचे नाव जगद्दल, म्हणजे हलता न हलणारी शिळा. गाव तिला हसते, उतारू तिला भितात, आणि बिमल तिच्याशी बोलतो. तिच्यात पाणी ओतले की तहानलेल्या प्राण्यासारखा घटघट आवाज येतो. तिचे दिवे डोळ्यांसारखे वळतात. ही युक्ती दुसऱ्याच्या हाती पोरकट ठरली असती. येथे ती तशी होत नाही, कारण आवाज गाडीचा की बिमलच्या एकटेपणाचा, हे दिग्दर्शक कधीच निश्चित सांगत नाही. काली बॅनर्जी यांनी बिमलचे काम केले आहे ते काहीसे उग्र, पण त्यात लाडिकपणाचा लवलेश नाही.

शिवाय बिमल भाडे घेतो, हे विसरता कामा नये. जगद्दल ही त्याची हौस नव्हे, पोट आहे. म्हणून ती बिघडू लागते तेव्हा त्याचे प्रेम आणि हिशेब यांची गाठ पडते. तो पदरमोड करून तिला नवे भाग घालतो, आणि मग पुरती बरी झाली की नाही हे पाहण्यासाठी तिच्यावर दगड लादतो. हा प्रसंग मला सर्व चित्रपटात श्रेष्ठ वाटतो. प्रेम करणारा माणूसच येथे क्रूर झाला आहे. गाडी मोडते ती त्याच्या हातून, आणि हे तो जाणतो. पुढे भंगारवाला तिचे तुकडे घेऊन जातो. येथे चासिसच्या क्रमांकावरून माग काढण्याचा प्रश्नच उरत नाही. विप्रलंभ संपला, हा शुद्ध करुण आहे. शेवटी एक लहान मूल मागे राहिलेला भोंगा वाजवते आणि बिमल डोळ्यांत पाणी असता हसतो.

दोष काढायचाच तर बुलाकी वेड्याचा काढीन. आपल्या जुन्या भांड्याला कवटाळून बसणारा हा वेडा नवे भांडे मिळताच जुने विसरतो. दृष्टांत नेमका आहे, पण तो वर्गात फळ्यावर लिहिल्यासारखा वाटतो. आणि फळ्यावर लिहिण्याचा मोह किती अनावर असतो, हे मी जाणतो.

कर्त्याला वाक्यातून निसटू न देणे, हे या चित्रपटाचे मोठेपण. आपल्या परंपरेत याचा थोर आदर्श उत्तररामचरितात आहे. रामानेच सीतेचा त्याग केला आहे, आणि रामच तिच्यासाठी विलाप करतो. भवभूती त्याला रडू देतो. पण तिसऱ्या अंकात वासंतीला समोर उभी करून जाबही विचारवतो. मोटारीच्या आठवणींत वासंती नसते.

माझ्या वाट्याला ती आली. आमच्या वडिलांची फियाट आम्ही 1996 साली विकली. फाटकाशी हात मागे बांधून उभे असलेले वडील आणि वळणावर दिसेनासा झालेला तिचा पाठमोरा भाग, हे चित्र मी अनेक बैठकींत रंगवून सांगितले आहे, आणि लोकांनी उसासे टाकले आहेत. गेल्या वर्षी असाच सांगत असता थोरली बहीण मध्येच म्हणाली, “अरे, त्या माणसाने बायकोला सोबत आणले होते, ते का सांगत नाहीस? तिने बॉनेटला कुंकू लावले, चाकाखाली लिंबू ठेवले. पेढे दिले आपल्याला. तू दोन खाल्लेस.” तिचे म्हणणे खरे होते. विकावी असा हट्टही माझाच होता. मला तेव्हा नवी, लहान गाडी हवी होती. तो मनुष्य साताऱ्याकडचा, भाड्याने चालविण्यासाठी गाडी घेत होता, एवढे मला स्मरले. त्याचे नाव मात्र आम्हां दोघांपैकी कोणासही आठवले नाही.