दासोपंतांची ऋणमुक्ती आणि ‘क्रिस्तपुराणा’तील कृपाविचार

बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई येथे दासोपंत शके १५३७ मध्ये समाधिस्थ झाले; त्याच सुमारास, इ. स. १६१६ मध्ये, गोमंतकातील साष्टी प्रांतात रायतूर येथे फादर थॉमस स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ रोमन लिपीत छापून प्रसिद्ध झाले. दोघांचेही माध्यम ओवी आणि दोघांच्याही विचाराचे केंद्र ईश्वरी कृपा. ‘क्रिस्तपुराणा’ची मराठी समीक्षा पुष्कळदा त्यातील मराठी भाषेच्या स्तुतीपाशीच थांबते, त्यामुळे ‘पाप’ आणि ‘कृपा’ या परिचित शब्दांत स्टीफन्सने कोणता नवा अर्थ भरला, हा प्रश्न बाजूस पडतो. दासोपंतांच्या चरित्रातील एका आख्यायिकेशी तुलना केल्यास तो अधिक स्पष्ट होतो.

परंपरेनुसार दासोपंतांचे वडील दिगंबरपंत यांच्याकडील सरकारी साऱ्याचा भरणा न झाल्यामुळे बालवयातील दासोपंतांस बिदरच्या दरबारी ओलीस ठेवण्यात आले. तेव्हा श्रीदत्तात्रेयांनी पाडेवाराचे रूप घेऊन रक्कम भरली व भक्ताची सुटका केली. येथे देव स्वतः दुसऱ्याचे ऋण फेडतो, आणि ख्रिस्ती उद्धारकथेचे बीजही नेमके हेच आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानातील प्रभूच्या प्रार्थनेत पापासाठी ऋणाचीच कल्पना योजलेली आहे. कँटरबरीच्या अन्सेल्मने १०९८ च्या सुमारास तिच्यावरच आपला प्रायश्चित्तसिद्धान्त उभारला. ऋण मनुष्याचे, म्हणून ते मनुष्यानेच फेडले पाहिजे. परंतु फेडण्याचे सामर्थ्य केवळ देवाचे. म्हणून फेडणारा देवही हवा आणि मनुष्यही हवा, असा त्याचा युक्तिवाद होय.

तथापि साम्य येथेच संपते. आख्यायिकेतील ओलीस बालक निरपराध आहे. ऋण पित्याचे, तेही पैशाचे. ख्रिस्ती शिकवणीत ऋणको स्वतःच अपराधी असतो. आदामाच्या आज्ञाभंगाचे परिणाम म्हणजे श्रम, वेदना, मरण आणि या सर्वांच्या मुळाशी असलेला देवापासूनचा दुरावा. ऑगस्टीनच्या विवेचनानुसार हा दोष मनुष्यजातीस वारशाने प्राप्त होतो. ज्याने-त्याने आपापले कर्म भोगावे, या संस्कारात वाढलेल्या श्रोत्यास हा वारसा पटवणे सर्वांत कठीण होते. उलट दासोपंतांच्या वेदान्तविचारात बंधनाचे मूळ अज्ञान होय. सुमारे चाळीस फूट लांबीच्या पासोडीवर त्यांनी पंचीकरण लिहिले, ते देह म्हणजेच मी, हा भ्रम विवेकाने निरसावा म्हणून. तेथे कृपा ज्ञान देते. येथे कृपा क्षमा करते.

स्टीफन्सने ही अडचण शब्द बदलून सोडविली नाही. ‘पाप’, ‘मुक्ती’, एवढेच नव्हे तर ‘वैकुंठ’ हा शब्दही त्याने निःसंकोचपणे स्वीकारला. अर्थपालट केला तो कथेच्या रचनेने. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाचे पहिले पुराण सृष्टी, पतन आणि दीर्घ प्रतीक्षा सांगते. दुसरे ख्रिस्तचरित्र सांगते. पतनाचे परिणाम पिढ्यान्‌पिढ्या अनुभवास आल्यावरच तारकाचा जन्म येतो. म्हणून श्रोत्यास कृपा हे भक्तीचे पारितोषिक न वाटता, ज्याची पात्रता कोणापाशीच नव्हती असे दान वाटते. सिद्धान्त जेथे तर्काने पटणार नाही, तेथे तो आख्यानाच्या क्रमाने पटवावा, हे पुराणपरंपरेचेच तंत्र होय.

तरीही या कृपेत मानवी प्रयत्नास स्थान नाही, असे मानणे चुकीचे ठरेल. स्टीफन्स जेझुइट होता, आणि १५४७ मध्ये ट्रेंट येथील धर्मसभेने कृपेस मनुष्याच्या स्वतंत्र इच्छेची साथ आवश्यक मानली होती. त्यामुळे कृपेचा आरंभ देवाकडून होत असला तरी पश्चात्ताप आणि सदाचरण ही मनुष्याचीच जबाबदारी राहते. या बिंदूपाशी ‘क्रिस्तपुराण’ मराठी भक्तिविचाराच्या सर्वाधिक निकट येते.

या पद्धतीस मर्यादाही आहे. ‘वैकुंठ’ म्हणताच विष्णुलोकाची छटा उमटते. कथा कितीही सामर्थ्यवान असली तरी शब्दाची पूर्वस्मृती ती पूर्णपणे पुसू शकत नाही. म्हणून शब्द समान आहे एवढ्यावरून सिद्धान्त समान मानणे जितके उथळ, तितकेच सिद्धान्त परका म्हणून हा ग्रंथ मराठीबाहेरचा ठरविणे अन्यायाचे होय. अंबाजोगाईच्या आख्यायिकेतील देव निरपराध भक्ताचे ऋण फेडतो. ‘क्रिस्तपुराणा’तील देव अपराध्याचे फेडतो. या भेदाचा विचार केल्याखेरीज मराठीतील ‘कृपा’ या शब्दाचा इतिहास पूर्ण होणार नाही.