‘थेसाउरॉस’ : खजिना, कोठार की ठेवा?

प्राचीन ग्रीसवरील मराठी लेखनात ‘थेसाउरॉस’ या शब्दास ‘मंदिराचा खजिना’ असा प्रतिशब्द सहज योजिला जातो. तो इंग्रजीतील ‘ट्रेझरी’च्या वाटेने आपल्याकडे आला आहे हे उघड आहे. शब्दाची निवड गौण म्हणून सोडून देता आली असती. परंतु ‘मंदिराचा’ या षष्ठीमुळे मालकीविषयी एक चुकीचे विधान इतिहासात शिरते, म्हणून या टिपणाचे प्रयोजन.

डेल्फाय येथे अपोलोच्या मंदिराकडे चढत जाणाऱ्या वाटेच्या कडेस ज्या लहान देखण्या वास्तू होत्या, त्यांना हे नाव आहे. त्या मंदिराने बांधलेल्या नव्हेत. सिफ्नॉस बेटाच्या लोकांनी आपल्या सोन्यारुप्याच्या खाणींतील दशमांशातून एक उभारली (इ. स. पू. 525 च्या सुमारास), अथेन्सची दुसरी मॅराथॉनच्या लुटीतून झाली असे पॉसेनियस सांगतो, मात्र तिच्या काळाविषयी विद्वानांत वाद आहे. प्रत्येक वास्तू देणाऱ्या नगरीच्या नावाने ओळखली जाई. हिरोडोटसची साक्ष येथे निर्णायक वाटते. लिडियाचा राजा गायजीस याने अर्पिलेली सहा सुवर्णपात्रे कोरिंथवासीयांच्या थेसाउरॉसमध्ये आहेत असे सांगून तो लगेच दुरुस्ती करतो, की खरे पाहता ही वास्तू कोरिंथच्या लोकांची नसून किप्सेलॉसची आहे. म्हणजे त्या काळीही प्रश्न ‘कोणाची?’ हाच होता, आणि उत्तरात ‘देवाची’ हा पर्याय नव्हता. उलट, देवतेचे स्वतःचे द्रव्य कोठे असे हे पाहावयाचे तर अथेन्सच्या पाचव्या शतकातील ठरावांकडे जावे. तेथे अथीनीचे द्रव्य ‘ओपिस्थोडोमॉस’ या दालनात, नेमलेल्या कोशपालांच्या ताब्यात आहे. ज्यास आपण मंदिराचा खजिना म्हणू, त्यास ग्रीक येथे दुसरेच नाव देतात.

हाच शब्द इतरत्र अगदी वेगळ्या वस्तू दाखवितो. ओरोपॉस येथील अँफिअराऑसच्या देवस्थानाच्या नियमलेखात रोगमुक्तीसाठी आलेल्याने नऊ ओबोल पुजारी-सेवकासमक्ष ‘थेसाउरॉस’मध्ये टाकावेत असे आहे. ही सरळ आपली दानपेटी. टॉलेमी राजांच्या इजिप्तमधील पपायरसांत मात्र थेसाउरॉस म्हणजे सरकारी धान्यकोठार. साऱ्याचा गहू तेथे जमा होई. ‘राजाच्या खजिन्यात गहू मोजून घेतला’ असे भाषांतर केल्यास वाचकास हसू येईल.

वास्तविक आपल्या वाचकास हे समजण्यास अडचण पडू नये. मंद्रूपच्या बाजूस, सोलापूर-विजापूर रस्त्यावरील ज्वारीच्या मुलखात, पेव हा शब्द अनोळखी नाही. शेजारच्या कानडीत त्यासच हगेवु म्हणतात. याच जिल्ह्यातील मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा तर सर्वश्रुत आहे. दुष्काळात त्यांनी बेदरच्या बादशहाची कोठारे लुटविली, आणि विठ्ठलाने महाराच्या वेषाने जाऊन त्या धान्याची रक्कम भरली. कथा ऐतिहासिक की नाही हा भाग सोडून द्या. धान्य हीच राजाची ठेव, आणि ती देण्याचा अधिकार कोणाचा, हा तिचा गाभा आहे.

कौटिल्य या बाबतीत ग्रीकांहून काटेकोर आहे. कोशगृह व कोष्ठागार ही दोन बांधकामे तो वेगळी सांगतो. दुसऱ्यावरूनच आपले ‘कोठार’ आले. ती उभारणारा अधिकारी ‘संनिधाता’, हे नाव ‘धा’ धातूचे. ग्रीक ‘तिथेमि’, ठेवणे, हा त्याच धातूचा सहोदर असून ‘थेसाउरॉस’च्या पूर्वार्धात तो असावा असा तर्क केला जातो, उत्तरार्धाचा समाधानकारक उलगडा झालेला नाही. त्या तर्काने ‘निधि’ हा त्याचा जवळचा आप्त ठरेल. ‘ठेवा’ मात्र ‘स्थापय’कडून आलेला, म्हणून त्याचे साम्य केवळ अर्थाचे आहे. तरी ते साम्य लक्षणीय आहे, कारण ‘ठेवा’ म्हटल्यावर वस्तू व तिची जागा दोन्ही सूचित होतात. आणि खरे तर अरबीतून आलेल्या ‘खजिना’चाही मूळ अर्थ साठवणच, दोष त्या शब्दापेक्षा त्याला आज चिकटलेल्या नाण्यांच्या खणखणाटाचा अधिक.

पुढे आंरी एत्येन याने 1572 मध्ये आपल्या ग्रीक शब्दसंग्रहास ‘थेसाउरुस’ हेच नाव दिले. आपणही अमरसिंहाच्या ग्रंथास ‘कोश’ म्हणतो, त्यामुळे या अर्थाने ‘कोश’ निर्विवाद आहे.

तुळजापूरच्या देवस्थानात जामदारखाना वेगळा, दानपेटी वेगळी. बोलणारा त्यांची गल्लत करीत नाही. भाषांतरकारानेही तशीच शिस्त पाळावी. डेल्फाय व ऑलिंपिया येथील वास्तूंस ‘अमुक नगरीचे भांडारगृह’ म्हणावे, आणि नगरीचे नाव कदापि गाळू नये. ओरोपॉसला दानपेटी, इजिप्तला कोठार. एकाच ग्रीक शब्दास चार मराठी शब्द लागले तर तो आमच्या भाषेचा दोष मानण्याचे कारण नाही.