ड्रॅगनची खरी करामत

जपानच्या नाकामिची कंपनीने १९८२ साली 'ड्रॅगन' हा स्टिरिओ कॅसेट डेक बाजारात आणला. १९९०च्या दशकात त्याचे उत्पादन थांबले, पण संग्राहक आजही त्यासाठी भरमसाट किंमत मोजतात. का, असे विचारले तर बहुधा 'आवाजातला गोडवा' असे उत्तर मिळते. हे उत्तर या यंत्रावर अन्याय करणारे आहे. ड्रॅगनचे मोठेपण गोडव्यात नाही, भूमितीत आहे.

कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकते. १५,००० हर्ट्झचा स्वर तिच्यावर उमटला, तर त्याची तरंगलांबी जेमतेम ३.२ मायक्रॉन भरते. स्टिरिओतील एका पट्ट्याची रुंदी मात्र सुमारे ०.६ मिलिमीटर. फीत वाचणाऱ्या हेडची फट, ध्वनिमुद्रण करणाऱ्या हेडच्या तुलनेत अवघी ०.३ अंश कलली, की पट्ट्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत नेमका एका तरंगलांबीचा फरक पडतो. चढ-उतार एकमेकांना मारतात आणि तो स्वर नाहीसा होतो. खालचे स्वर शाबूत राहतात. तोंडावर घोंगडी घेऊन कोणी बोलावे, तसे ऐकू येते.

ड्रॅगनचे हेड उजव्या बाजूचा पट्टा दोन भागांत वाचते. दोन्ही भागांतील संकेत मागे-पुढे झाले, तर एक लहान मोटर हेडला तेवढे फिरवते. हे सारे गाणे चालू असताना, गाण्याच्याच आधाराने! कौतुक करावे ते याचे.

आता दुसरी बाजू. ड्रॅगनवरच भरलेल्या फितीला या सोयीचा फारसा उपयोग नाही. तिथे कोन मुळात जुळलेला असतो. उपयोग आहे तो परक्या यंत्रावर भरलेल्या, कललेल्या फितींना. ज्या संग्राहकाकडे निवडक, निर्दोष फितीच आहेत, त्याने ही करामत विकत घेतली आणि बेकार ठेवली, असेच म्हणावे लागेल. शिवाय यंत्र गुंतागुंतीचे, रबरी चाके कडक होतात, आणि दुरुस्त करणारा शोधावा लागतो.

गरज आहे ती आपल्या कपाटांतल्या फितींना. साध्या मोनो टेपरेकॉर्डरमध्ये पट्टा सुमारे दीड मिलिमीटर रुंद असतो. तिथे ०.३ अंशाचा कल ६,००० हर्ट्झलाच गिळतो, आणि 'स', 'श' यांची सळसळ त्याच परिसरात असते. अशी फीत कोणत्याही यंत्रावर लावून तिची डिजिटल प्रत केली, तर गेलेली अक्षरे त्या प्रतीतून पुन्हा काढता येत नाहीत. मूळ फितीवर मात्र ती असतात.

बहुतेक टेपरेकॉर्डरमध्ये हेडच्या एका बाजूच्या स्क्रूखाली स्प्रिंग असते. फीत चालू ठेवून तो स्क्रू अगदी थोडा, पाव फेऱ्याच्या आत, मागे-पुढे फिरवावा. 'स' उघडा झाला की थांबावे. वर्गात हा प्रयोग पाच मिनिटांत होतो. स्क्रूड्रायव्हर चुंबकत्व आलेला नको, एवढेच पाहावे.