'अंधाधुन': दिसतंय सगळ्यांना

(सिनेमा पाहिला नसेल तर आधी पाहून या. पुढे सगळं फुटणार आहे.)

श्रीराम राघवन यांच्या 'अंधाधुन'वर (२०१८) गप्पा सुरू झाल्या की पाच मिनिटांत गाडी शेवटावर येते. आकाशला दिसतं की नाही? काठीने डबा मुद्दाम उडवला का? सशाची गोष्ट खरी की थाप? या कोड्याच्या नादात एक जास्त अवघड प्रश्न मागे राहतो. ज्यांना व्यवस्थित दिसतं, ती माणसं काय करतात?

मूळ कल्पना ऑलिव्हिए त्रेनेर यांच्या २०१०च्या छोट्या फ्रेंच लघुपटाची. त्यातला पियानो ट्यून करणारा तरुण आंधळ्याचं सोंग घेतो आणि नको ते पाहून बसतो. राघवन पुण्यात वाढले, एफटीआयआयमध्ये शिकले. अरिजित बिस्वास, पूजा लढा सुरती, योगेश चांदेकर आणि हेमंत राव यांच्यासोबत त्यांनी ती कल्पना पुण्यात आणली आणि तिच्याभोवती साक्षीदारांची रांगच उभी केली.

ही रांग नीट बघा. शेजारच्या बंडूला आकाशचं सोंग कळतं, तो मोबाइलवर शूटिंग करतो. समोरच्या फ्लॅटमधल्या डिसा बाई पोलिसांना खरं सांगतात आणि जिवाला मुकतात. आकाश तक्रार द्यायला चौकीत जातो, तर तिथे खुनात सामील असलेला इन्स्पेक्टरच उभा. मग तो गोष्ट बदलतो. डॉक्टर स्वामीला सगळं कळतं, आणि तो लगेच किडनीचा हिशोब मांडतो. जो बघतो तो आधी स्वतःचा फायदा-तोटा बघतो. फुकटात खरं बोलणारी एकच बाई, आणि तीच मरते.

मी नारायण पेठेत राहतो. इथे कोणाकडे कोण आलं, किती वाजता गेलं, हे समोरच्या गॅलरीला माहीत असतं. चौकशा भरपूर होतात, पण साक्ष द्यायची वेळ आली की 'आपल्याला काय करायचंय' म्हणून खिडकी लागते. 'अंधाधुन' पुण्याचा वाटतो तो लोकेशनपेक्षा या स्वभावामुळे.

इथे स्टीफन फ्रिअर्स यांचा पहिला सिनेमा 'गमशू' (१९७१) आठवतो. लिव्हरपूलमधला बिंगोचे आकडे पुकारणारा एडी (आल्बर्ट फिनी) जुन्या अमेरिकन सिनेमातला डिटेक्टिव्ह व्हायला निघतो. त्यालाही सोंग हौसेचं वाटतं आणि ते त्याला खऱ्या गुन्ह्यात नेऊन सोडतं. एडीचं वेड हॉलिवूडचं, तर 'अंधाधुन' 'छायागीत' आणि 'चित्रहार'ला अर्पण केलेला. अनिल धवन स्वतःच्याच जुन्या गाण्यांत रमलेला नट साकारतात. त्या गोड आठवणींच्या घरातच प्रेत पडतं. आकाश पियानो वाजवत राहतो, मागे सिमी (तब्बू) आणि तिचा प्रियकर खुणांनी बोलत आवराआवर करतात. आपण हसतो आणि हसताना त्यांचा गुन्हा पकडला जाऊ नये असंही क्षणभर वाटून जातं.

सिनेमा सगळीकडे इतका पक्का नाही. किडनीवाला भाग सैल आहे, योगायोग फार झालेत. शिवाय गोष्ट पुण्याची, पण मराठमोळ्या सखूच्या वाट्याला येतो तो लॉटरीचा स्टॉल आणि किडनीचा धंदा. छाया कदम यांनी तिला जिवंत केलंय, पण लेखनात ती पैशांच्या हावेपलीकडे फारशी जात नाही. प्रत्येकाच्या हिशोबाकडे बारकाईने बघणाऱ्या सिनेमाने तिचा हिशोब मात्र घाईत उरकलाय.

शेवटी आकाश आपली गोष्ट सोफीला (राधिका आपटे) सांगतो. ऐकून ती म्हणते, डॉक्टरचं ऐकायला हवं होतंस. म्हणजे सिमीचे डोळे काढून घ्यायला हवे होते! आतापर्यंत सिनेमातली सगळ्यात सरळ वाटलेली मुलगी हे अगदी सहज बोलून जाते. थिएटरमध्ये आपल्यालाही तेच वाटत असतं. त्यानंतर तो डबा उडतो, आणि सोफीचं वाक्य विसरून आपण काठीबद्दल भांडत बाहेर पडतो.