भिंत, नजर आणि ताट : कत्तलीविषयीची दोन पुस्तके

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना असेंब्ली लाइन शिकवताना मी बरीच वर्षे एकच गोष्ट सांगत आलो. १९१३ साली हेन्री फोर्ड यांच्या हायलँड पार्क येथील कारखान्यात मोटारीचा सांगाडा कामगारांपुढून सरकू लागला आणि त्याच्या जोडणीला लागणारा वेळ साडेबारा तासांवरून सुमारे दीड तासावर आला. आमच्या पाठ्यपुस्तकात एवढेच आहे. फोर्ड यांनी मात्र १९२२ साली आलेल्या आपल्या आत्मकथनात कल्पनेचे मूळही सांगितले आहे. शिकागोच्या मांसकारखान्यांत मारलेली गुरे वरच्या रुळाला टांगून एका कामगाराकडून दुसऱ्याकडे सरकवली जात. त्यावरून ही कल्पना सुचली, असे ते लिहितात. म्हणजे सुटे भाग जोडणारी रेषा ही प्राण्याचे भाग सुटे करणाऱ्या रेषेवरून आली. विसाव्या शतकातल्या या महत्त्वाच्या कल्पनेचे मूळ कत्तलखान्यात आहे आणि ते आमच्या पुस्तकातून गळाले आहे.

हे ध्यानात आल्यावर मी 'तंत्रज्ञान आणि समाज' या ऐच्छिक विषयाच्या तासाला ते मांडायचे ठरवले. या टिपणाची सुरुवात त्या तासाला माझ्याकडून झालेल्या चुकीपासून होते.

१. वर्गातली चूक

मी शिकवतो ते म्हैसूर शहर राजवाडा, दसरा आणि मसाला डोशासाठी ओळखले जाते. याच शहरात १९५० पासून केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था आहे आणि तिथे मांस व सागरी अन्न या विषयांचा स्वतंत्र विभाग आहे. सैनिकांसाठी टिकाऊ जेवण तयार करणारी संरक्षण खात्याची प्रयोगशाळाही १९६१ साली इथेच सुरू झाली. मांसाचे शास्त्र आमच्या शहराला परके नाही. तरीही, कत्तलखान्यांच्या भिंती काचेच्या असत्या तर सगळेच शाकाहारी झाले असते, या प्रसिद्ध वाक्याने मी तासाला सुरुवात केली आणि एका यांत्रिक कत्तलखान्याची चित्रफीत दाखवली.

काहींनी माना वळवल्या. दोघी उठून बाहेर गेल्या. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणाले, "ही माणसं रात्री झोपतात तरी कशी?" तास परिणामकारक झाला असे मला वाटले. तास संपल्यावर एक मुलगा थांबला. तो कन्नडमध्ये जे म्हणाला त्याचा आशय असा : "सर, आमचं मटणाचं दुकान आहे. वडील पहाटे चारला उठतात. वर्गात कुणाला माहीत नाही. आता मी सांगणारही नाही."

मी दाखवलेल्या चित्रफितीने वर्गातल्या कुणाच्याही डब्याला प्रश्न विचारला नव्हता. तिने एका मुलाच्या बापाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले होते. काचेच्या भिंतीचा सिद्धान्त कुठे चुकतो, हे समजून घेण्यासाठी मी दोन पुस्तके पुन्हा वाचली. एक अमेरिकेतले, दुसरे मराठीतले.

२. बारा सेकंदांचे गणित

टिमोथी पॅचिराट हे राज्यशास्त्राचे अभ्यासक. २००४ साली अमेरिकेतील ओमाहा शहरातल्या एका मोठ्या कत्तलखान्यात त्यांनी ओळख लपवून पाचेक महिने नोकरी केली. शीतगृहात यकृते टांगणे, गुरे पुढे हाकणे आणि गुणवत्ता तपासणे अशी तीन कामे त्यांनी केली. त्यावर आधारित 'एव्हरी ट्वेल्व्ह सेकंड्स' हे पुस्तक २०११ साली आले. दर बारा सेकंदांना एक जनावर, असा त्या शीर्षकाचा अर्थ आहे.

पुस्तकाचे बळ त्याच्या बारकाव्यात आहे. कत्तलीच्या मजल्यावरील १२१ कामांची यादी लेखकाने दिली आहे. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला ती ओळखीची वाटेल, कारण कार्य-अभ्यासात आपण काम असेच तुकड्यांत मांडतो. पण पॅचिराट त्या यादीतून जो निष्कर्ष काढतात तो आपल्या पुस्तकांत नसतो. जनावराच्या कपाळावर बंदूक टेकवणारा कामगार एकच. बाकीचे १२० जण 'मारणारा तो, आम्ही नव्हे' असे मानू शकतात. श्रमविभागणीने उत्पादन वाढते हे आपण शिकतो. तिने जबाबदारीही इतकी बारीक कापली जाते की कुणाच्याच वाट्याला पुरेशी येत नाही, हे इथे दिसते.

दुसरे निरीक्षण जागेविषयी आहे. कातडे काढण्यापूर्वीचा भाग 'घाण' आणि नंतरचा 'स्वच्छ' मानला जातो. जंतुसंसर्ग टाळण्यासाठी दोन्हीकडच्या कामगारांना एकमेकांत मिसळू दिले जात नाही. म्हणजे कत्तल समाजापासून लपवली जातेच, शिवाय कत्तलखान्याच्या आतही ती एकमेकांपासून लपते. त्यामुळे भिंती पाडल्या की प्रश्न सुटला, असे हे पुस्तक म्हणत नाही. आत राहणाऱ्याची नजर सरावाने बोथट होते. बाहेरून अचानक पाहणाऱ्याला किळस येते, आणि किळस आली की माणूस पहिल्यांदा तोंड फिरवतो. माझ्या वर्गात नेमके हेच घडले होते.

३. गावकुसाबाहेरचे स्वयंपाकघर

'घाण' आणि 'स्वच्छ' हे दोन शब्द वाचताना मराठी वाचकाला ओमाहाच्या आधी आपले गाव आठवेल. तिथे ही विभागणी आरोग्यासाठी आहे आणि पाळी संपली की कामगार घरी जातो. आपल्याकडे ती जन्माने ठरली आणि तिची भिंत म्हणजे गावकूस होते. कुसाच्या आत गाव, बाहेर महारवाडा आणि मांगवाडा. मेलेले जनावर ओढून नेणे, सोलणे, चामडे कमावणे ही कामे बाहेरच्यांची. जत्रेच्या कंदुरीला बोकड गावकऱ्याचा, पण सुरी मुलाण्याची. जेवायला सगळे, कापायला एक, आणि 'खाटीक', 'कसाई' हे शब्द भाषेत शिवीसारखे.

शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक २०१५ साली आले. भूषण कोरगावकर यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद 'दलित किचन्स ऑफ मराठवाडा' या नावाने २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यामुळे मराठी न येणाऱ्या विद्यार्थ्यांनाही ते वाचता येईल. जेवणापूर्वी म्हटल्या जाणाऱ्या श्लोकातील 'पूर्णब्रह्म' या शब्दाला शीर्षकातच 'अ' लावून लेखकाने आपली बाजू स्पष्ट केली आहे. ज्यांच्या वाट्याला अन्न कधी पुरेसे आले नाही, त्यांच्यासाठी ते पूर्ण कसे असेल?

हे पुस्तक मराठवाड्यातील महार आणि मांग समाजांच्या खाण्याची नोंद करते. मांसाच्या लांब पट्ट्या वाळवून अडीअडचणीसाठी ठेवलेल्या चान्या, शिजवलेल्या रक्ताची रक्ती, वजडी आणि बरोबरीने रानभाज्या व भाकरीही. पाककृतीच्या चकचकीत पुस्तकांत मांस हा नुसता 'घटकपदार्थ' असतो. तो कुठून आला हे विचारायचे नसते. इथे जनावर, त्याचे अवयव, ते कापणारे हात आणि खाणारी तोंडे यांच्यात पडदाच नाही. सात्त्विक आणि तामसी अशी अन्नाची प्रतवारी ही माणसांची प्रतवारी कशी होते, हेही लेखक दाखवतो.

एक गोष्ट मला या वाचनात नव्याने जाणवली. मृत जनावराचे मांस खाणाऱ्याने ते जनावर मारलेले नसते. बैल आयुष्यभर नांगराला जुंपला गेला, म्हातारा झाला, मेला. त्याचे श्रम मालकाकडे गेले. मेल्यावर त्याचे शव उचलण्याची सक्ती दुसऱ्यावर आली आणि विटाळही त्यालाच लागला. सबंध साखळीत ज्याने सर्वांत कमी हिंसा केली, त्याच्याच अंगाला सर्वांत जास्त किळस चिकटवली गेली. तेव्हा कत्तल पाहून आपल्याला येणारी किळस ही निव्वळ करुणा असते, असे मानता येत नाही. तिच्यात जातीचा वास असू शकतो. माझ्या वर्गातल्या 'ही माणसं झोपतात कशी' या प्रश्नातही तो होता.

याच मुद्द्याला दुसरी बाजू आहे. १९ व २० मार्च १९२७ रोजी महाडला भरलेल्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत जनावराचे मांस सोडण्याचे आवाहन केले होते. त्यामागे प्राण्यांची दया नव्हती, माणसाचा स्वाभिमान होता. जे नेत्याने सोडायला सांगितले त्याची नोंद आज का करायची, असा प्रश्न विचारला जाऊ शकतो. मला वाटते, नोंद करणे म्हणजे परत जाणे नव्हे. एखादी गोष्ट लाजेने विसरणे वेगळे आणि समजून सोडणे वेगळे. शिवाय पुस्तक आले त्याच वर्षी महाराष्ट्रात गायीप्रमाणे बैल व वळूंच्या कत्तलीवरही बंदी लागू झाली. काय खाल्ले जात होते याची नोंद खाणाऱ्यांनीच करणे त्यामुळे अधिक गरजेचे ठरते.

४. दोन्ही पुस्तकांत न मावणारा प्राणी

आता मर्यादा. पाटोळे यांचा विषय माणूस आहे. प्राणी त्यांच्या पानांवर येतो तो बहुधा मेल्यानंतर, वाटा म्हणून. पॅचिराट यांच्याकडे जिवंत गुरे आहेत, पण रेषेच्या वेगात तीही आकडा होतात. ज्याचा जीव जातो त्याची बाजू दोन्हीकडे अपुरी राहते. जात आणि श्रम यांचा विचार करताना प्राण्याचे दुःख बाजूला टाकण्याचा धोका असतो. दुःख मोजायचे तर सगळ्यांचे मोजावे लागेल. आपला कायदाही हे काही अंशी मानतो. कत्तलखान्यांविषयीच्या २००१ च्या केंद्रीय नियमांनुसार एका जनावराची कत्तल दुसऱ्या जनावराच्या देखत करता येत नाही. जनावर पाहते आणि पाहून घाबरते, हे त्यात गृहीत आहे. या नियमामागचा विचार अनेक भाषणांपेक्षा संवेदनशील आहे. तो रोजच्या दुकानात किती पाळला जातो हे कुणीही स्वतः जाऊन पाहू शकते.

दुसरी मर्यादा काळाची. आज देशातल्या मांस-उत्पादनात सुमारे निम्मा वाटा कोंबडीचा आहे. ब्रॉयलर पिलू साधारण सहा आठवड्यांत दोन किलोंचे होते आणि कापले जाते. त्याला ना गावकूस आहे, ना ओमाहाची उंच भिंत. ते चौकातल्या दुकानात, गिऱ्हाइकासमोरच कापले जाते. 'विदाउट स्किन द्या' एवढे सांगून गिऱ्हाईक मोबाइलमध्ये डोके घालते. इथे भिंत विटांची किंवा काचेची नाही, ती पाहणाऱ्याच्या मानेत आहे. समोर घडत असूनही न दिसण्याची ही सोय समजून घेणारे पुस्तक अजून लिहायचे आहे.

शाकाहारी वाचकानेही इथे सुटकेचा निःश्वास टाकू नये. गाय-म्हैस व्यायल्याशिवाय दूध नाही, आणि जन्मणाऱ्या वासरांत साधारण निम्मे नर असतात. शेतात ट्रॅक्टर आणि गोठ्यात कृत्रिम रेतन आल्यावर त्या नरांचे काय होते, हा प्रश्न म्हैसूरपाकातल्या तुपालाही विचारावा लागतो. अंड्यांसाठीच्या जातींतील नर पिलांचीही तीच गत. मी स्वतः दूध-तूप खातो, म्हणून हा प्रश्न मलाही लागू आहे.

५. मग पाहायचे कसे?

चित्रफीत मी आता दाखवत नाही. त्याऐवजी कार्य-अभ्यासातला प्रक्रिया-तक्ता वापरतो. क्रिया, वाहतूक, तपासणी, थांबा, साठवण ही पाच चिन्हे तुम्हाला माहीत आहेतच. विद्यार्थी आपल्या कालच्या जेवणातील एक पदार्थ घेतात आणि ताटापासून उलट मागे जातात. प्रत्येक चिन्हापुढे दोन जादा रकाने असतात : इथे कोणता माणूस आहे आणि इथे कोणता प्राणी आहे. नियम एकच, तक्त्याची पहिली नोंद 'मी खाल्ले' हीच असली पाहिजे.

एवढ्याने नजरेची दिशा बदलते. चित्रफितीत आपण बाहेर बसून दुसऱ्याचे काम बघतो. तक्त्यात साखळीचे एक टोक आपल्याच हातात असते. मग मांस सोडायचे, कमी करायचे की डोळे उघडे ठेवून खायचे हा निर्णय ज्याचा त्याने घ्यावा. पण तो निर्णय कापणाऱ्याला दोषी ठरवून आणि स्वतःला वगळून घेता येणार नाही. दोन्ही पुस्तके एकत्र वाचल्यावर माझ्या हाती एवढे लागले.

तो मुलगा पदवी घेऊन गेला. हा तक्ता मला आधी सुचला असता, तर त्याला त्या दिवशी गप्प बसावे लागले नसते.

विचारासाठी प्रश्न

१. श्रमविभागणीमुळे जबाबदारी विभागली जाते, याचे उदाहरण तुमच्या स्वतःच्या अभ्यासशाखेतून द्या.
२. किळस आणि करुणा यांत फरक कसा ओळखाल? एखाद्या प्रत्यक्ष प्रसंगाच्या आधारे लिहा.
३. तुमच्या मातृभाषेत मांस आणि ते कापणारी माणसे यांच्यासाठी कोणते शब्द आहेत? त्यांतले कोणते शिवी म्हणून वापरले जातात आणि का?
४. कालच्या जेवणातील एका पदार्थाचा उलटा प्रक्रिया-तक्ता तयार करा. कोणता रकाना भरता आला नाही, ते नमूद करा.