‘उचल्या’ : नोंदवहीतील माणसाची साक्ष

प्रस्तावना :
मराठीतील दलित व भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांविषयी समीक्षेने विपुल लेखन केले आहे. दया पवार यांचे ‘बलुतं’ (१९७८), लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०), बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ (१९८६) आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७) या साहित्यकृतींची चर्चा प्रामुख्याने वेदना, नकार आणि विद्रोह या संज्ञांच्या आधारे झाली. या संज्ञा आवश्यकच होत्या; परंतु त्यांच्या सततच्या वापरातून एक समज रूढ झाला. उपेक्षित समाज मुका होता आणि साहित्याने त्याला वाचा दिली, असे अनेकदा म्हटले जाते. ‘उचल्या’चे बारकाईने केलेले वाचन या समजाला छेद देते. या समाजाला बोलता येत होते. त्याचे बोलणे ऐकून घेण्याची वाट मात्र कायद्यानेच बंद केली होती. प्रस्तुत लेखात ‘उचल्या’ या आत्मकथनाचा विचार मानवी हक्कांच्या संदर्भातील एक साक्ष म्हणून केला आहे.

कायदा आणि बंद झालेले कान :
ब्रिटिश सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला. एखादी जमात, टोळी किंवा वर्ग गुन्ह्यांना सवयीने जडलेला आहे असे सरकारला वाटल्यास त्या संपूर्ण समूहाला गुन्हेगार म्हणून अधिसूचित करण्याचा अधिकार या कायद्याने दिला. अशा अधिसूचनेच्या वैधतेविषयी कोणत्याही न्यायालयाला प्रश्न विचारता येणार नाही, अशी तरतूदही त्यातच होती. म्हणजे आरोप संपूर्ण समूहावर, पण बाजू मांडण्यास जागा नाही. १९४८ च्या मानवी हक्कांच्या सार्वत्रिक जाहीरनाम्यातील अकराव्या अनुच्छेदाने गुन्हा सिद्ध होईपर्यंत प्रत्येक आरोपीला निर्दोष मानण्याचा हक्क दिला. गुन्हेगार जमाती कायदा या तत्त्वाच्या नेमका उलट उभा होता. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो संपुष्टात आला; परंतु निरनिराळ्या राज्यांत सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे आले. मुंबई राज्यातील असा कायदा १९५९ चा आहे. जमातीच्या जागी व्यक्ती आली, तरी पोलिसांच्या संशयाची दिशा फारशी बदलली नाही.

दोन नोंदी :
‘उचल्या’ची सुरुवात एका अभावाने होते. निवेदकाला निश्चित जन्मतारीख नाही, हक्काचे घर वा शेत नाही. ज्या समाजातील मुलाच्या जन्माची नोंद कोणी ठेवली नाही, त्याच समाजातील वडीलधाऱ्यांच्या हजेरीची नोंद मात्र काटेकोर ठेवली जात होती. आजोबांना द्यावी लागणारी हजेरी, गाव सोडताना लागणारी परवानगी, कोठेही चोरी झाली की वस्तीवर येणारे पोलीस, हे सारे गायकवाड फारसा आक्रोश न करता सांगतात. त्यांच्या निवेदनाचे सामर्थ्य या तपशिलांत आहे. पोलिसांच्या दप्तरात ‘उचल्या’ हा शब्द आरोप होता. लेखकाने तोच ग्रंथाचे शीर्षक केला आणि त्याच्या भोवती आजी-आजोबा, आई-वडील, भूक व भीती यांसह माणसे उभी केली. दप्तरातील नोंदीला दिलेली ही प्रतिनोंद आहे.

येथे एक आक्षेप विचारात घ्यावा लागतो. चोरीच्या पद्धती, मार सहन करण्याचे मुलांना दिले जाणारे शिक्षण यांचे उघड वर्णन करून लेखक समाजावरील शिक्काच दृढ करीत नाही काय? संशयाने वाचणाऱ्याला तसे वाटणे शक्य आहे. परंतु ग्रंथ चोरीला रक्ताचा गुण मानत नाही. काम मिळत नाही, म्हणून चोरी. चोरी म्हणून मार. आणि चोरीच्या मिळकतीत पोलिसांचाही वाटा, ही साखळी तो दाखवितो. लपवाछपवी टाळल्यामुळेच ही साक्ष विश्वसनीय ठरते.

शाळेचा प्रसंग आणि शांततेचा अर्थ :
मुलगा शाळेत जाऊ लागतो आणि वस्तीत मुले आजारी पडतात, तेव्हा त्याच्या शिक्षणालाच दोष दिला जातो. या प्रसंगाकडे केवळ अंधश्रद्धा म्हणून पाहणे अपुरे आहे. ज्या समाजाला सरकारी दप्तरातील नावाने नेहमी मारच मिळाला, त्याला शाळेच्या पटावरील नावही भयप्रद वाटावे, यात आश्चर्य नाही.

याच ठिकाणी शांततेचा प्रश्न येतो. प्रशासनाच्या भाषेत गावात चोरी न होणे म्हणजे शांतता. ‘उचल्या’मध्ये गावाच्या या शांततेची किंमत वस्तीतील झोपडी मोजते. न्यायाविना राखलेली सुव्यवस्था ही एका बाजूचीच शांतता असते, हे या ग्रंथातून प्रत्ययास येते.

मर्यादा :
या साक्षीलाही मर्यादा आहेत. आई, आजी, पत्नी यांचे कष्ट ग्रंथात दिसतात. त्यांचे स्वतःचे म्हणणे मात्र क्वचितच ऐकू येते. जातपंचायतीपुढे उभ्या राहणाऱ्या स्त्रीचे अनुभव पुरुष निवेदकाच्या नजरेतूनच कळतात. ‘जिणं आमुचं’मध्ये बेबी कांबळे घरातील सत्तेविषयी जे निर्भयपणे सांगतात, त्याच्या शेजारी ठेवल्यास ही उणीव ठळक होते. एका व्यक्तीच्या आवाजाला संपूर्ण समाजाचा आवाज मानणे हेही समूहावर शिक्का मारण्यासारखेच आहे, याचे भान समीक्षेने ठेवले पाहिजे.

समारोप :
१९८८ मध्ये ‘उचल्या’ला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. फेब्रुवारी १९९८ मध्ये पश्चिम बंगालमधील पुरुलिया जिल्ह्यात बुधन सबर या विमुक्त जमातीतील तरुणाचा कोठडीत मृत्यू झाला. त्याच वर्षी महाश्वेतादेवी, गणेश देवी आणि लक्ष्मण गायकवाड यांनी विमुक्त-भटक्यांच्या हक्कांसाठी कृतिगट उभा केला. लेखक आता वाचकांसमोरून न्यायसंस्थेसमोर गेला. २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या वांशिक भेदभाव निर्मूलन समितीने सराईत गुन्हेगार कायदा रद्द करण्याची शिफारस भारताला केली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंग नियमावल्यांतील जातिभेदाच्या तरतुदी घटनाबाह्य ठरविल्या आणि विमुक्तांना मनमानी अटक होऊ नये असे पोलिसांना बजावले. कायदा संपून बहात्तर वर्षे झाल्यावरही न्यायालयाला हे सांगावे लागले, यावरून ‘उचल्या’तील साक्ष केवळ भूतकाळाची नाही हे स्पष्ट होते.

महाविद्यालयीन अभ्यासक्रमात अशी आत्मकथने आली, ही समाधानाची बाब आहे. परंतु ती करुणेचा पाठ म्हणून शिकविली गेली, तर विद्यार्थी हळहळतील आणि पान उलटतील. त्यांच्यासोबत १८७१ चा कायदा आणि २०२४ चा निकाल वाचला गेला, तर कोणाचे म्हणणे अद्याप ऐकले गेलेले नाही, हा प्रश्न वर्गात उभा राहील. साक्ष दिली गेली आहे. तिची सुनावणी चालू ठेवणे हे वाचकाचे व अध्यापकाचे काम आहे.