शिकणाऱ्याचा वाटा

देवाच्या पीतांबराचा जरीकाठ आपण सारेच भक्तिभावाने पाहतो. उत्सवाच्या रात्री समयांच्या उजेडात तो झळाळला की हात आपोआप जोडले जातात. ती कलाबतू कोणी केली, हा प्रश्न मात्र सहसा कोणाच्या मनात येत नाही. बहुधा ती सुरतेची असते. रुप्याची तार ओढून केसासारखी बारीक करावयाची, ती चपटी करून तिचा बादला करावयाचा, तो रेशमी धाग्यावर गुंडाळावयाचा आणि त्यावर सोन्याचे पाणी चढवावयाचे, ही विद्या या शहरात पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहे. या विद्येची व तिच्या शेजारी वाढलेल्या विणकामाची यंत्रयुगाशी गाठ कशी पडली, हे ज्यास जाणून घ्यावयाचे असेल त्याने डग्लस हेन्स यांचा ‘स्मॉल टाऊन कॅपिटॅलिझम इन वेस्टर्न इंडिया’ हा २०१२ साली केंब्रिजने प्रसिद्ध केलेला इंग्रजी ग्रंथ अवश्य वाचावा. सुरत, भिवंडी, मालेगाव, सोलापूर इत्यादी गावांतील कारागिरांचा १८७० ते १९६० पर्यंतचा इतिहास त्यात आला आहे.

यंत्र आले आणि कारागीर धुळीस मिळाला, अशी एक समजूत आपल्याकडे शाळेपासून रुजलेली आहे. प्रस्तुत ग्रंथाने तिला जबर धक्का दिला आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्सच्या स्वस्त व एकसारख्या जरीपुढे सुरतेचा धंदा डळमळला, हे खरे. परंतु तेथील कारखानदार हातावर हात ठेवून बसले नाहीत. त्यांनी विजेवर चालणारी यंत्रे आणली, आणि १९३१ साली या धंद्यास जकातीचे संरक्षण देणारा कायदाही झाला. खत्री विणकरांचेही तसेच. त्यांच्यातील काहींनी हातमाग सोडून यंत्रमाग घेतले, रेशमाऐवजी कृत्रिम रेशमाचे सूत आणले, आणि जे विणकर होते ते मालक झाले. ग्रंथकार त्यांस ‘विणकर-भांडवलदार’ म्हणतो. महाराष्ट्रीय वाचकास येथे इचलकरंजीची आठवण होईल. तेथे १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसविला, आणि त्यातून पुढे सारे गावच यंत्रमागाचे झाले. मोठमोठ्या गिरण्या बंद पडल्या. ही लहान शहरे मात्र टिकून राहिली. छोट्या गावच्या माणसांच्या अंगी नवे आत्मसात करण्याची केवढी शक्ती होती, हे इतक्या साधार रीतीने दाखविणारा दुसरा ग्रंथ आमच्या पाहण्यात नाही.

आजची असंघटित कारखानदारी ही अलीकडच्या धोरणांचे अपत्य आहे, हे मतही ग्रंथकारास मान्य नाही. तिची मुळे या जुन्या कारखान्यांतच होती, असे तो दाखवितो. कारखाने लहान ठेवण्यात मालकांचा आणखी एक लाभ होता. १९४८ च्या कारखाने अधिनियमात विजेवर चालणाऱ्या जागी दहा कामगारांची मर्यादा होती. त्याहून कमी माणसे दाखविली की कायदा दाराबाहेर उभा राही. २०२० च्या संहितेने तर ती मर्यादा वीसांवर नेली आहे.

येथपर्यंत ग्रंथकाराशी आमचे दुमत नाही. मजुरांच्या हलाखीविषयी तो मूक आहे, असेही कोणी म्हणणार नाही. आमची तक्रार निराळी आहे. या ग्रंथात शिकतो तो मालक. मजूर राबतो, भांडतो, संप करतो. पण तो शिकतो, असे चित्र क्वचितच उभे राहते. वस्तुतः माग विकत घेणे हा पैशाचा प्रश्न आहे. तो चालविणे, धाग्याचा ताण बोटाने ओळखणे, आवाज बदलताच धोटा कोठे अडतो आहे हे समजणे, ही विद्या मजुराच्या अंगी असते. उधना, पांडेसरा, लिंबायत या भागांत खानदेशातून व ओडिशातून आलेली माणसे ती विद्या शेजारच्या मागावरील भाऊबंदाकडून शिकत आली आहेत. यान ब्रेमन यांचा ‘फूटलूज लेबर’ हा १९९६ चा ग्रंथ दक्षिण गुजरातेतील याच श्रमिकांविषयी आहे. हेन्स यांच्या ग्रंथासोबत तोही वाचावा, म्हणजे चित्राची दुसरी बाजू दिसेल.

हा प्रश्न केवळ इतिहासाचा असता तर आम्ही एवढी जागा अडविली नसती. सुरतेत आज धोट्याच्या मागाच्या जागी पाण्याच्या फवाऱ्याने आडवा धागा फेकणारे वॉटर-जेट माग येत आहेत. त्यांचा वेग कित्येक पट, आणि माणसे थोडी पुरतात. ज्याने वीस वर्षे धोट्याचा माग चालविला त्यास आता पुन्हा श्रीगणेशा करावा लागतो. त्याची मजुरी मीटरवर ठरलेली असते. शिकण्याच्या दिवसांत मीटर कमी पडतात आणि मजुरीही उतरते. म्हणजे शिकण्याचा दंड शिकणाराच भरतो, आणि शिकलेल्याचा नफा दुसऱ्याच्या पदरी पडतो. मजुरीच्या व्यवहाराचे कागद वकिलीच्या निमित्ताने आमच्या नजरेखालून गेले आहेत. त्यांत दर असतो, उचल असते, कपात असते, पण शिकणे हा शब्द आम्हांस कधी आढळला नाही. १९६१ चा शिकाऊ उमेदवारांचा कायदा विद्यावेतन देववितो खरा. तथापि त्याच्या डोळ्यांपुढे मुख्यतः नवखा पोरगा आहे. पन्नाशीच्या विणकराचे नाव कोणत्या रकान्यात लिहावयाचे?

यावर कोणी म्हणेल, मजूरच जुन्याला चिकटून बसतो. त्यास पाकिस्तानातील सियालकोट येथील एक प्रयोग उत्तर देईल. चेंडूचे तुकडे कापताना माल कमी वाया जावा, असा नवा साचा ॲटकिन, व्हरहोगन आदी पाच अर्थशास्त्रज्ञांनी तेथील ३५ कारखान्यांस फुकट दिला. पंधरा महिने लोटले तरी तो फारच थोड्यांनी वापरला. कारण साधे होते: कापणाऱ्यास नगावर मजुरी होती, आणि नवा साचा निदान आरंभी त्याचा हात मंदावीत होता. पुढे काही कारखान्यांत, साचा वापरून दाखविणाऱ्या कामगारास सुमारे महिन्याच्या मजुरीइतके बक्षीस ठेवले, तेव्हा साच्याचा वापर वाढला. हे संशोधन २०१७ साली प्रसिद्ध झाले. अडचण माणसाच्या बुद्धीत नव्हती, मजुरीच्या करारात होती.

आपल्या देवस्थानांकडे पाहावे. चौघडा वाजविणारा, पालखीस खांदा देणारा, दिवटी धरणारा, प्रत्येकाची सेवा ठरलेली आणि सेवेमागे त्याचा मानही ठरलेला. त्या व्यवस्थेत जन्मावरून पायरी ठरविण्याचा दोष होता, आणि तो झाकून ठेवण्याची आमची इच्छा नाही. तरीपण सेवेकऱ्याचा वाटा परंपरेने ओळखलेला असे, एवढे तिच्याकडून घेण्याजोगे आहे. शिकण्याच्या दिवसांची पूर्ण मजुरी, आणि नव्या यंत्राने जो लाभ होईल त्यात ठरलेला हिस्सा, ही दोन कलमे मागाच्या करारात आली तर कोणताही कारखानदार बुडणार नाही, आणि विद्या मात्र वाढेल.

हेन्स यांचा ग्रंथ मोठा आहे, यात शंका नाही. मालक कसे झाले, हे त्याने सांगितले. माग चालविणारे पुन्हा पुन्हा कसे शिकले, हा दुसरा खंड अजून लिहावयाचा आहे. आणि तो लिहिण्यास खानदेशची बोली जाणणारा एखादा मराठी लेखक पुढे आला, तर त्याचे ऋण सुरतेइतकेच आपणही मानू.